टाइप करून लिहायची सवय लागली तर मुलाचा हात कायमचा सुटेल का?

"मॅडम, मशीनवर लिहायची एकदा सवय लागली की पोराचा हात गेला म्हणून समजा." लिहायला अडखळणाऱ्या मुलांना घेऊन सांगलीत माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पालकांच्या मनात ही भीती असते. तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारानं ती स्पष्ट बोलून दाखवली, म्हणून त्यांच्या मुलाबद्दल लिहिते. मुलाला ओंकार म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ओंकार आठवीत होता. शाळेचा शेरा ठरलेला: तोंडी हुशार, लेखी आळशी. हा 'आळशी' शब्द मला फार खुपतो, कारण त्याची वही काही वेगळंच सांगत होती. 'द्राक्ष' हा शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला, रफार कुठे आहे तर कुठे नाही. पेन इतकं दाबून धरलेलं की अक्षरं मागच्या पानावर उमटलेली. आळशी मुलगा इतका जोर लावत नाही. 'आमची बाग' या निबंधाच्या चार ओळी होत्या, त्याही अर्धवट.

मी वही मिटली आणि म्हटलं, "आता मला बाग सांग." एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, ऐन फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी रोगाची धास्ती, रात्री-अपरात्री फवारणीला निघणारे वडील. सगळं ओळीनं आलं. त्याच्या परवानगीनं मी फोनवरचं मराठी व्हॉइस टायपिंग सुरू ठेवलं होतं. दीड पान मजकूर झाला. मग तो फोनलाच वाचायला लावला. ऐकता ऐकता ओंकार दोनदा म्हणाला, "थांबा, हे मी असं नाही म्हटलं," आणि वाक्य दुरुस्त करून घेतलं. शेजारी बसलेले वडील गप्प झाले होते.

पुढे रीतसर तपासणी झाली आणि डिस्ग्राफिया, म्हणजे लेखन-अक्षमता, असल्याचं निदान झालं. अशा मुलांना अक्षर लिहिणं सहजासहजी अंगवळणी पडत नाही. प्रत्येक काना-मात्रा आठवून काढावी लागते आणि तेवढ्यात पुढचं वाक्य डोक्यातून निसटतं. मराठीत एक अडचण आणखी आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची, पण उच्चार 'क'चा आधी. रफार शेवटी, पण 'र' उच्चारायचा आधी. युनिकोड कीबोर्डवर मात्र अक्षरं उच्चाराच्या क्रमानंच दाबतात: आधी क, मग वेलांटी; 'धर्म' लिहिताना आधी र, मग म. ओंकारला टायपिंग सोपं गेलं ते याच कारणानं. सामान तरी काय, घरातला जुना फोन आणि ब्लूटूथ कीबोर्ड.

आता वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. हात सुटत नाही. गणित ओंकार हातानंच सोडवतो, कारण अपूर्णांक आणि भूमितीच्या आकृत्या टाइप करणं उलट जिकिरीचं. रिकाम्या जागा, नकाशे, एका वाक्यातली उत्तरं वहीतच. निबंध, इतिहासाची मोठी उत्तरं, विज्ञानातली 'कारणे द्या' एवढंच कीबोर्डवर. वर्गात व्हॉइस टायपिंग चालत नाही, गोंगाटात ते भलतंच लिहितं आणि इतरांचंही लक्ष जातं. ते घरी, कच्चा आराखडा बोलून काढण्यापुरतं. आणि विचार फोन करत नाही. बागेचं दीड पान ओंकारच्याच डोक्यातलं होतं.

"पण बोर्डात हे चालणार नाही, मग वर्गात कशाला?" हा वडिलांचा दुसरा प्रश्न जास्त रास्त होता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्ग्राफियासारख्या अडचणी, समाविष्ट आहेत. वाढीव वेळ आणि लेखनिक, म्हणजे मुलानं सांगितलेलं उत्तर लिहून देणारी व्यक्ती, याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान 20 मिनिटं जास्त द्यायला सांगितलं होतं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हातानं लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थीला लेखनिक मंजूर केला. त्यासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असंही स्पष्ट केलं. सीबीएसईनं 2018 पासून वैद्यकीय शिफारशीवर संगणकावर उत्तरं टाइप करू दिली, पण त्यात इंटरनेट नाही आणि आधीचं काही साठवलेलं नाही. राज्य मंडळाच्या मुलांनी लेखनिक आणि वाढीव वेळ गृहीत धरून तयारी करावी, आणि संगणक हवा असेल तर तशी वेगळी लेखी मागणी करावी, असं मी सांगते.

म्हणूनच वर्गातला सराव महत्त्वाचा. लेखनिक बहुधा खालच्या वर्गातला असतो. त्याला 'नवा परिच्छेद', 'हे अवतरणात', 'तो शब्द खोडून असा लिही' असं सांगत उत्तर रचणं हे वेगळंच कसब आहे. ज्यानं ते कधी केलं नाही तो पेपरात गडबडतो, कितीही हुशार असो. कीबोर्डचंही तेच. शब्द सुचवणारी सोय बंद, इंटरनेट बंद, समोर घड्याळ, असा सराव ओंकार नववीपासून करतो. सुरुवातीला चिडायचा, फोन आपटायचा. तेव्हा त्याच्या आईनं दोन आठवडे सगळं बंद ठेवलं आणि मग पुन्हा एकेका परिच्छेदानं सुरू केलं. तिचा तो निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

शाळेत एका शिक्षकांनी विचारलं, बाकीची मुलं म्हणतील आम्हालाही द्या. मी त्यांना म्हटलं, देऊन बघा. चार दिवस कुतूहल टिकलं, मग सगळी आपापल्या पेनाकडे वळली, कारण त्यांना पेनानंच भराभर लिहिता येतं.

ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत त्यांनी प्रमाणपत्राचं काम आत्ताच काढावं. अध्ययन अक्षमतेची तपासणी 14 व्या वर्षी पुन्हा करायची असते आणि नेमकी तीच नववीची वेळ. जुन्या कागदावर विसंबून दहावी गाठली तर धावपळ होते. ओंकारचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जाईल: भाषा आणि सामाजिक शास्त्रांना संगणक, तो न मिळाल्यास लेखनिक. रविवारी त्याची आठवीतली चुलत बहीण लेखनिक होऊन बसते. ती "हळू सांग रे दादा" म्हणाली की तो थांबतो, वाक्य मनात जुळवतो आणि पुन्हा सांगतो.