गाडी थांबवतात ते टायर

प्रश्न : काका, नमस्कार. मी एडिसन, न्यू जर्सीत राहतो. गेल्या हिवाळ्यात १९९५ची माझ्दा मियाटा घेतली. १.८ लिटर इंजिन, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही, कंपनीची १४ इंची चाकं. उन्हाळ्यात ती मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कमध्ये ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपापली गाडी पळवायच्या दिवसाला, न्यायची आहे. ट्रेलर नाही, त्यामुळे चालवतच जाणार आणि चालवतच परत येणार. ब्रेक आणि चाकं मिळून अडीच हजार डॉलर बाजूला काढलेत. मित्र म्हणतो, चार पिस्टनच्या कॅलिपरचं (कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मोठं ब्रेक किट घे आणि त्यावर सतरा इंची चाकं चढव. एकट्या किटमध्येच निम्म्याहून जास्त पैसे संपतायत. काय करू?

उत्तर : काका म्हणालास, तेव्हा सरळ अरे-तुरे करतो. किट घेऊ नकोस. सतरा इंची चाकं तर अजिबात नकोत.

आधी एक साधी गोष्ट तपास. आत्ता आहेत त्या ब्रेकवर जोरात पाय दिला की चाकं लॉक होतात का, म्हणजे फिरायची थांबून नुसती घसरतात का? तुझ्या गाडीला एबीएस नाही, म्हणजे टायर किंचाळला की कळेलच. चाक लॉक होत असेल तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त आहे, आणि मग सहा पिस्टन लावलेस तरी गाडी एक फूटसुद्धा अलीकडे थांबणार नाही. थांबण्याचं अंतर कमी करायचं असेल तर पैसे टायरवर घाल.

मग लोक मोठे ब्रेक लावतात कशाला? उष्णतेसाठी. माझी नोकरी मिशिगनमध्ये ब्रेकच्या डायनामोमीटरवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या यंत्रावर, झाली, त्यामुळे हा हिशेब मला झोपेतही येतो. तू, पेट्रोल आणि गाडी मिळून ११५० किलो धर. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग ताशी १६० किलोमीटर, तिथून वळणासाठी ८० वर यायचं. वेग निम्मा झाला तरी ऊर्जा पाऊणपट जाते, कारण ती वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. ही पाऊणपट म्हणजे जवळपास साडेआठ लाख जूल. एवढ्यात अडीच लिटर गार पाणी उकळायला येईल, आणि तू ते अडीच सेकंदांत करतोयस. त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. एका डिस्कचं लोखंड साडेचार किलो धरलं तर एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान दीडशे अंशांच्या आसपास वाढतं. रस्त्यावर पुढचा ब्रेक लागेपर्यंत ती निवते. ट्रॅकवर पुढचं वळण आलेलंच असतं, आणि असं वीस मिनिटं चालतं.

पण मियाटा हलकी आहे, हेच तर तिचं वैशिष्ट्य. तुझ्या १.८ मध्ये पुढे २५५ मिलिमीटरच्या हवा खेळणाऱ्या डिस्क आहेत, मागे २५१ च्या भरीव. १९९३ पर्यंतच्या १.६ लिटरवाल्यांना २३५ आणि २३१ मिळायच्या आणि ते लोक तुझ्याच गाडीचे ब्रॅकेट, डिस्क अन् पॅड काढून आपल्या गाडीला लावतात. अमेरिकेत स्पेक मियाटा नावाचा शर्यतीचा वर्ग आहे. तिथे कॅलिपर आणि डिस्क मूळ मापाचेच ठेवावे लागतात, पॅड मात्र हवे ते लावता येतात. लोक शेकड्यांनी एकमेकांच्या बंपरला चिकटून अख्खा हंगाम शर्यती करतात आणि याच ब्रेकवर थांबतात. पहिल्या उन्हाळ्यात तुला त्यांच्याहून जास्त ब्रेक लागतील असं तुझ्या मित्राला का वाटतं, कोण जाणे.

तेव्हा पैसे असे घाल.

पॅड. सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. रस्त्यावरचा पॅड ट्रॅकच्या उष्णतेत हात टेकतो. पेडल कडक लागतं, तू जीव खाऊन दाबतोस आणि गाडी मात्र पुढेच जाते. कार्बोटेकचे एक्सपी१० पुढे आणि एक्सपी८ मागे, किंवा जी-लॉकचे आर१० पुढे आणि आर८ मागे, हे मियाटावाल्यांचं नेहमीचं गणित आहे. जास्त चावणारा पॅड कायम पुढे. उलटं केलंस तर मागची चाकं आधी लॉक होतील आणि गाडी वळणाआधीच तोंड फिरवेल. एबीएस नाही हे विसरू नकोस. हे पॅड रस्त्यावर कर्कश ओरडतात, सकाळी पहिल्या सिग्नलला थोडे आळशी असतात आणि चाकं काळी करतात. त्यामुळे घरून निघताना रस्त्याचेच पॅड असू देत, ट्रॅकचे डिकीत ठेव आणि आदल्या संध्याकाळी मुक्कामावर बदल.

बदलताना मागच्या कॅलिपरचा पिस्टन क्लॅम्पने नुसता दाबू नकोस. या गाडीत हॅन्डब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरच्या आत आहे. मागच्या बाजूला १४ चा पाना लागणारा एक बोल्ट आहे. तो काढलास की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरणारा स्क्रू दिसेल. त्याने पिस्टन मागे घ्यायचा, नवे पॅड बसवायचे, चाक हाताने अडेल इतका स्क्रू आवळायचा आणि किंचित सोडायचा. हे न करणाऱ्यांचं पेडल खोल जातं आणि मग ते ब्रेक ऑइलला शिव्या देत बसतात.

ब्रेक ऑइल. पेडल फळीपर्यंत गेलं आणि खाली काहीच लागलं नाही, तर ऑइल उकळलं असं समज. आत वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते. पॅड गेला तर थोडा तरी ब्रेक उरतो, ऑइल उकळलं तर काहीच नाही, म्हणून मला दुसऱ्याची भीती जास्त. डॉट ४ दर्जाच्या ऑइलला ताजं असताना २३० अंशांपर्यंत न उकळण्याची अट आहे. तेच ऑइल हवेतलं पाणी पिऊन ३.७ टक्क्यांवर गेलं की अट १५५ वर येते. मोट्यूलचं आरबीएफ ६०० ताजं असताना ३१२ अंशांवर उकळतं. दोन बाटल्या आण, चारही चाकांतून जुनं पूर्ण काढ, आणि हंगामाच्या सुरुवातीला दर वर्षी काढ. दुकानात डॉट ५ दिसलं तर हात लावू नकोस, ते सिलिकॉनचं आहे आणि तुझ्या ऑइलमध्ये मिसळत नाही. याच वेळी रबरी होज बदलून टाक. तीस वर्षांचं रबर आतून फुगलेलं असतं. स्टीलची जाळी असलेले होज घेतलेस तर पेडल नीट कळतं, बाकी जादू काही नाही.

डिस्क. साध्या, बिनभोकाच्या घे, चार मिळून दोनशे डॉलरच्या आत येतील. भोकं पाडलेली डिस्क ट्रॅकवर भोकाच्या कडेपासून तडकते. मी कोल्हापूरचा, शिरोलीच्या फाउंड्र्यांच्या धुरात वाढलो, त्यामुळे ग्रे आयर्नबद्दल, म्हणजे डिस्कच्या ओतीव लोखंडाबद्दल, जरा पक्षपाती आहे. पण डिस्कसाठी स्वस्तातलं इतकं योग्य दुसरं काही सापडलेलं नाही. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता झटपट आत पसरते. अशा धातूला शोभेसाठी भोकं पाडणं माझ्या जिवावर येतं. डिस्कमागचा पत्रा काढून हवेचा पाइप आणायचा असेल तर तो पुढच्या वर्षीचा विचार.

आता चाकं. १५ इंची घे. मियाटाच्या मापाचे चांगले चिकट टायर १५ इंचातच भरपूर मिळतात. २०५/५०-१५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) चा पूर्ण व्यास ५८६ मिलिमीटर भरतो, तुझ्या मूळ १८५/६०-१४ चा ५७८. म्हणजे गिअरिंग जवळपास तेच राहतं. सतरा इंचात २०५/४५ लावलास तर व्यास ६१६ होतो. गाडी उंच होते, प्रत्येक गिअर लांबतो आणि सव्वाशे-एकशेतीस अश्वशक्तीच्या गाडीला ते परवडत नाही. वर रिमही जड, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं, फिरणारं.

रुंदी ८ इंच, बोल्टचं माप ४ बाय १००, मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ते गाडीला जिथे बसतं तिथपर्यंतचं अंतर, +३६ मिलिमीटरच्या आसपास. तुझं मूळ रिम ६ इंची, +४५ चं आहे. हिशेब केलास तर नवं रिम आत १६ आणि बाहेर ३४ मिलिमीटर सरकेल. बाहेरच्या चौतीसकडे लक्ष दे. गाडी खाली बसवलेली असेल तर मागच्या फेंडरची आतली कडा दुमडून घ्यावी लागू शकते. ९ इंची रिमवर २२५ चे टायरही लोक चालवतात, पण मियाटाचे पुढचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते भाग, नाजूक आहेत. टायर जितका चिकट आणि रुंद तितके ते लवकर जातात. पुढचं चाक वर-खाली हलवून खुळखुळ लागते का, ते प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी पाहा.

एन्केई, कोनिग, ९४९ रेसिंग यांच्यापैकी कोणतंही घे, वापरलेलं असलं तरी चालेल; फक्त बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघ. नावाजलेल्या डिझाइनची स्वस्त नक्कल नको. नट स्टीलचे, शंकूच्या बैठकीचे, १२ बाय १.५ चे. ८८ ते ११८ न्यूटन-मीटरमध्ये टॉर्कच्या पान्याने आवळ आणि पहिल्या फेरीनंतर गार झाल्यावर पुन्हा तपास. टायर २०० ट्रेडवेअरचे (हा झिजेचा आकडा; जितका कमी तितका टायर सहसा चिकट), उदाहरणार्थ हॅनकूकचे आरएस४. ते फार टिकतात आणि पकड सुटण्याआधी सांगतात. नवशिक्याला यापेक्षा जास्त चिकट टायर देऊ नये या मताचा मी आहे.

१५ इंचाचा आणखी एक फायदा. पुढे कधी खरंच गरज पडली तर २००१ नंतरच्या मियाटाचे स्पोर्ट ब्रेक जुन्या बाजारातून आणता येतील. पुढे २७०, मागे २७६ मिलिमीटर, आणि ते १५ इंचात बसतात. मात्र आणशील तर पुढचे-मागचे एकत्र आण.

एवढं करून पैसे उरतील. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो : उरलेले रोल बारमध्ये, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या पोलादी कमानीत, घाल. उघड्या टपाची गाडी बऱ्याच आयोजकांना रोल बारशिवाय चालत नाही. हेल्मेट घालून बसलास की बारच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत ठेवलेली काठी तुझ्या डोक्यावरून जायला हवी. नियम आधी विचारून घे, आणि विम्याची पॉलिसीही वाच. ट्रॅकवरचं नुकसान त्यात बहुधा वगळलेलं असतं.

प्रश्न : माझी २०१० ची स्विफ्ट आहे. पुण्याहून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला न्यायचा बेत आहे. गॅरेजवाले म्हणतात, मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवू आणि १७ इंची अलॉय घालू. घालावेत का? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही नको. पुढे इंजिन, पुढेच ओढ. जोरात ब्रेक लावला की मागचं चाक जवळजवळ रिकामं होतं. तिथे डिस्क लावून मिळवायचं काय? उलट कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचा जो तोल बसवलेला असतो तो बिघडतो. ड्रम उघडून साफ करून घ्या, लायनर आणि व्हील सिलिंडर पाहा, ॲडजस्ट करा, बस्स. खर्च पुढच्या पॅडवर करा. मात्र तुम्हाला जाऊन-येऊन दोन हजारांहून जास्त किलोमीटर रस्त्यावर काढायचे आहेत, म्हणून पूर्ण शर्यतीचे पॅड घेऊ नका, थंड असतानाही पकडणारे घ्या.

ब्रेक ऑइल पावसाळ्यानंतर बदला. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा म्हणजे ऑइलला पाणी पाजण्याचाच उद्योग. अलॉयबद्दल : पातळ टायरवर १७ इंची रिम आणि पुण्यातले खड्डे यांचं जमत नाही. बाजारात जेडब्ल्यूएल (अलॉय रिमचं जपानी मानक) असं कोरलेली स्वस्त रिम्स भरपूर दिसतील. कोरायला साचा पुरतो, चाचणी झालीच असेल असं नाही. त्यापेक्षा मूळ मापाच्या रिमवर चांगले टायर घ्या.

प्रश्न : कसारा घाट उतरून आल्यापासून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मेकॅनिक म्हणतो डिस्क वाकली, लेथवर घासू. – नाशिक

उत्तर : डिस्क सहसा वाकत नाही. तापलेल्या ब्रेकवर पाय तसाच दाबून उभं राहिलं, घाट संपल्यावर सिग्नलला राहतो तसं, की पॅडचा माल एकाच जागी डिस्कला चिकटतो आणि तिथे पकड वेगळी लागते. आधी हबवरचा गंज घासून डिस्क नीट बसलीय का पाहा आणि डायल गेजने डिस्क किती डोलते ते मोजायला सांगा. मग मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा चांगला ब्रेक लावा, पूर्ण न थांबता, आणि पाच-सात किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून निववा. बऱ्याचदा थरथर एवढ्यानेच जाते. नाही गेली तर लेथ आहेच. मात्र डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. घासल्यावर त्याहून कमी भरणार असेल तर मजुरी वाचवा आणि जोडी नवीन घ्या. यापुढे घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा. तापलेल्या गाडीला हॅन्डब्रेक न लावता गिअरमध्ये उभी करा आणि चाकाखाली दगड लावा.