बंदुकीच्या हक्कासाठी ग्राहकांनी टाकलेला बहिष्कार अमेरिकेत खरंच चालतो का?

चालतो. मी स्वतः चालताना पाहिलाय, आणि त्याच बहिष्काराने आपल्याच माणसाचं दुकान बसवलेलंही पाहिलंय.

तुम्ही लिहिलंय की टेक्सासात येऊन दोन वर्षं झाली, ऑफिसातल्या लोकांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जायला लागलात, आणि आता गावातल्या एका दुकानदाराने एआर-15 ही अर्धस्वयंचलित रायफल विकणं बंद केलं म्हणून सगळे तुमच्याकडे बहिष्काराच्या कागदावर सही मागतायत. सही करण्याआधी एवढं वाचा. उत्तर लांबेल.

मी मूळचा राजापूर तालुक्यातला. आमच्या घरी ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची. वडील ती गोणपाटात गुंडाळून खांद्यावर टाकून जायचे, पावती घेऊन यायचे, आणि आचारसंहिता उठेपर्यंत रानडुकरांना रान मोकळं. एका वर्षी हातातोंडाशी आलेलं भात तीन रात्रींत लोळवलं. वडील बांधावर पत्र्याचा डबा बडवत बसले होते. त्यांनी कधी कुणाला बंदुकीचा धाक दाखवला नव्हता, तरी दरवेळी संशय त्यांच्यावरच. बंदूक बाळगणं हा शहाण्या माणसाचा हक्क आहे असं मी म्हणतो ते तिथून आलंय, इथल्या टीव्हीवरून नाही.

1996 ला पेनसिल्व्हेनियात आलो. शेजारी अर्ल नावाचा म्हातारा. तो जंगली टर्कीला साद घालायच्या लाकडी डब्या बनवायचा: सीडरची लांबट डबी, वर सैल झाकण, झाकणाला खडू घासायचा आणि हलक्या हाताने ओढायचं की हुबेहूब मादीचा आवाज. मार्च 2000 मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला. बंदुकीला कुलपं, फक्त मालकाच्याच हातात चालणाऱ्या 'स्मार्ट' पिस्तुलाचं संशोधन वगैरे ठीक, पण त्यात विक्रेत्यांवरही अटी होत्या, आणि त्या दुकानातल्या इतर कंपन्यांच्या मालालाही लागू होणार होत्या. अर्लच्या कमरेला आयुष्यभर त्याच कंपनीचं रिव्हॉल्वर. त्याने ते विकलं नाही, फेकलं नाही. फक्त म्हणाला, आता यांच्याकडून नवीन काही नाही, आणि का नाही ते कंपनीला पत्र लिहून कळवलं. त्याच्यासारखे लाखो निघाले. दुकानदारांनीच माल उचलणं थांबवलं. विक्री कोसळली, स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातली माणसं कमी करावी लागली. टॉमकिन्स या ब्रिटिश मालकाने 1987 ला ही कंपनी 11 कोटी डॉलरच्या वर किंमत देऊन घेतली होती. मे 2001 मध्ये ती दीड कोटी रोख आणि डोक्यावरच्या कर्जासकट विकून तो मोकळा झाला. नव्या मालकांच्या काळात तो करार कागदावरच राहिला, बुश सरकारनेही त्याचा पाठपुरावा केला नाही.

यातली पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. नवे मालक हे बंदुकीची कुलपं बनवणारेच लोक होते, त्यामुळे रिव्हॉल्वरच्या अंगावर किल्लीचं छोटं भोक आलं. कित्येक जण त्या भोकासाठी अजून रुसून आहेत. अर्लने मात्र नवे मालक आल्यावर त्याच वर्षी भोकवालं रिव्हॉल्वर विकत घेतलं. मी विचारलं तर म्हणाला, "मी करार मोडा म्हणालो होतो. तो मोडला. आता मी गेलो नाही तर उद्या माझं कोण ऐकेल?"

हे वाक्य मी 2018 साली आमच्या क्लबाच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. त्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

पण आधी हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनियाची राजधानी. तिथल्या फार्म शो संकुलात दर फेब्रुवारीला शिकार-मासेमारीचं अवाढव्य प्रदर्शन भरायचं. डिसेंबर 2012 मध्ये कनेटिकटच्या सँडी हुक शाळेतलं हत्याकांड झालं आणि 2013 च्या जानेवारीत प्रदर्शनाच्या आयोजकांनी जाहीर केलं की एआर-15 सारख्या रायफली यंदा मांडायच्या नाहीत. अर्लचा तिथे दरवर्षी छोटा गाळा असायचा. मी शनिवार-रविवार गल्ल्यावर बसायचो. त्याच्या वर्षभराच्या डब्यांतल्या निम्म्या तिथे खपायच्या, आणि तो रायफली विकतही नव्हता. तरी त्याने माघार घेतली. फोन ठेवला, कामाच्या टेबलावरच्या चाळीसेक डब्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरल्या आणि खोकं तळघरात नेऊन ठेवलं. एक शब्द बोलला नाही. रोज नवी नावं गळत होती, मोठमोठी दुकानंसुद्धा. 24 जानेवारीला आयोजकांनी प्रदर्शन पुढे ढकललं. 2014 ला तेच प्रदर्शन नव्या नावाने नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेने भरवलं, आणि अर्लचं खोकं तळघरातून वर आलं.

या दोन्ही वेळा बहिष्कार का चालला? कारण गिऱ्हाईक सगळं आपलंच होतं. स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्वर बंदूकवाल्याशिवाय कोण घेणार? शिकारीच्या प्रदर्शनात शिकाऱ्याशिवाय कोण येणार? आणि मागणी एकच, स्पष्ट, पुरी करता येण्याजोगी.

आता डिक्स स्पोर्टिंग गुड्स ही खेळाच्या सामानाच्या दुकानांची साखळी बघा. फेब्रुवारी 2018 मध्ये फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेले. दोन आठवड्यांत या कंपनीने एआर-15 सारख्या रायफली काढून टाकल्या, बंदुकीसाठी वय 21 केलं. आपल्या लोकांनी पाठ फिरवली, मॉसबर्ग आणि स्प्रिंगफील्ड आर्मरी या बंदूक कंपन्यांनी संबंध तोडले. सुमारे 25 कोटी डॉलरची विक्री गेली हे खुद्द एड स्टॅक या त्यांच्या प्रमुखांनी सांगितलं. तरी ते हलले नाहीत. उलट शेकडो दुकानांतून शिकारीचा विभागच उचलून टाकला. त्यांचा धंदा मुलांच्या बुटांवर आणि फुटबॉलवर चालतो, आपण गेलो तरी आया येतच राहिल्या. त्याच वसंतात शीतपेटारे बनवणाऱ्या यती कंपनीने आपल्या रायफल असोसिएशनची सवलत बंद केली म्हणून लोकांनी तिचे शेकडो डॉलरचे पेटारे स्फोटकं लावून उडवले. कंपनीचं म्हणणं होतं की जुनी सवलत योजना अनेक संस्थांसाठी एकदमच बंद केली. पेटाऱ्याचे पैसे कंपनीच्या खिशात केव्हाच गेले होते. 1905 ला पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली तेव्हाही विकत घेतलेलंच कापड जळलं, हे मला मान्य आहे. पण त्या होळीच्या जोडीला उद्या अंगात काय घालायचं याचा विचार होता, स्वदेशीचं व्रत होतं. इथे नुसता व्हिडिओ. आणि डेल्टा विमान कंपनीने रायफल असोसिएशनच्या सभासदांची सवलत काढली, त्यावरून जॉर्जियाच्या विधिमंडळाने त्यांच्या इंधनावरची करसवलत रोखली. ती सवलत घेऊन विकलेली तिकिटं होती 13. तेरा! यासाठी आपण आपलं वजन खर्चायचं?

तर 2018. आमच्या गावात एक दुकान होतं. नाव देत नाही. मालक साठीचा, स्वतः हरणांची शिकार करणारा, माझा पहिला परवाना त्याच्याच टेबलावर बसून भरला. पार्कलंडनंतर त्याने हाताने लिहिलेला कागद दारावर चिकटवला: यापुढे एआर रायफली मागवणार नाही. बाकी सगळं होतं. शॉटगन, बोल्टवाल्या रायफली, काडतुसं, छऱ्यांची पोती. क्लबाने बहिष्काराचा ठराव केला. मी हात वर केला, हे लपवत नाही. त्याचा निर्णय चुकीचा होता आणि आजही मला तसंच वाटतं.

पण चार आठवड्यांत ते भलतीकडे गेलं. त्याच्या बायकोशी चर्चमध्ये कुणी बोलेना. मुलींच्या सॉफ्टबॉल संघाच्या शर्टावरून दुकानाचं नाव काढलं. गल्ल्यावरच्या कॉलेजच्या पोरीला फोनवरून घाणेरडं बोलले. एका शनिवारी मी समोरून जात होतो, तो एकटा बाहेर उभा राहून काच पुसत होता. मला बघून त्याने फडकं खाली केलं, हात वर करावा की नको अशा बेताने अर्धा उचलला. मी गाडी थांबवली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मी ते आधी ऐकलेलं होतं. माझ्या आजोबांना गावकीने वाळीत टाकलं होतं, देवळाच्या वर्गणीच्या वादावरून. न्हावी येईना, कुणाच्या लग्नाचं बोलावणं नाही. शिमग्यात पालखी आमच्या अंगणात न येता वरच्या वाटेने गेली. वडील तेव्हा आठ वर्षांचे, नारळ घेऊन उंबऱ्यावर उभे होते. साठीत पोचल्यावरही ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो उगाच नाही. माल न घेणं वेगळं आणि माणूस वाळीत टाकणं वेगळं, हा फरक मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती, आणि तरी मी गाडी थांबवली नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो. एकच विचारलं: त्याने काय केलं म्हणजे आपण परत जायचं? ठरावात ते लिहिलेलंच नव्हतं. कुणी म्हणालं कागद काढला तर. कुणी म्हणालं जाहीर माफी मागितली तर. सेक्रेटरी म्हणाला, "आता काहीही केलं तरी नाही." मी अर्लचं वाक्य सांगितलं. सेक्रेटरीने सगळ्यांसमोर मला विचारलं की मी नक्की कुणाच्या बाजूचा. बावीस वर्षं या देशात, चौदा वर्षं माझ्याकडे बंदूक, आणि मला हा प्रश्न. मी सभासदत्व सोडलं आणि सोमवारी त्या दुकानातून काडतुसांच्या दोन पेट्या आणल्या.

2019 च्या शरदात दुकान बंद झालं. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. एआर मिळत नव्हतीच, आता काडतुससुद्धा चाळीस मिनिटांच्या आत मिळत नाही. नव्या पोरांना फॉर्म कसा भरायचा, बंदूक घरी कुलपात कशी ठेवायची हे समोर बसवून सांगणारा माणूस गावात उरला नाही. सेक्रेटरी याला आजही विजय म्हणतो. अरे, आपल्या गावातलं बंदुकीचं एकुलतं एक दुकान बंद पडलं, हे तर विरोधकांनाही जमलं नव्हतं! मी हे त्याला तोंडावर सांगितलंय, परत सांगेन.

तुमच्या कागदाकडे वळतो. त्यात काय लिहिलंय ते बघा. कोणता निर्णय बदलायचा आणि बदलल्यावर आपण परत येऊ, हे दोन्ही लिहिलं असेल, आणि त्या दुकानाचं गिऱ्हाईक मुख्यतः आपलंच असेल, तर खुशाल सही करा. नुसतं "याला धडा शिकवू" असेल तर करू नका. सहीआधी एकदा दुकानात जाऊन मालकाला स्वतः विचारा. विमा कंपनी, बँक, घाऊक विक्रेता, कुणाचा दट्ट्या आहे का, ते बाहेरून कळत नाही. बँकांबद्दल तुमच्या टेक्सासने 2021 ला कायदाच केला आहे, बंदूक उद्योगाशी भेदभाव करणाऱ्या कंपन्यांना मोठी सरकारी कंत्राटं नाहीत. मला तो फारसा आवडत नाही, सरकारचा दंडुका आहे तो, ग्राहकाचा नव्हे.

आणि नुसतं रुसण्यापेक्षा जाऊन खरेदी करणं कधीकधी जास्त बोलतं. 14 फेब्रुवारी 2012 ला बंदूकविरोधकांनी, दुकानात बंदूक आणू देतात म्हणून, स्टारबक्सवर बहिष्कार पुकारला, तर आपले लोक दोन डॉलरच्या नोटा घेऊन कॉफी प्यायला गेले, बंदूक बाळगायचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीची आठवण म्हणून. सुंदर कल्पना. मग काही जण खांद्याला रायफली लटकवून जायला लागले, आणि सप्टेंबर 2013 मध्ये स्टारबक्सचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी बंदुका आणू नका अशी जाहीर विनंती केली. जिंकलेलं स्वतःच्या हाताने घालवलं.

दोन गोष्टी राहिल्या. बहिष्कार कायदेशीर आहे, 1982 च्या मिसिसिपीतल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शांततेच्या बहिष्काराला संरक्षण दिलंय, पण धमकीला नाही. 2014 मध्ये मेरीलँडच्या रॉकव्हिलमध्ये एका दुकानदाराने स्मार्ट पिस्तूल विकायचं म्हटलं तर त्याला जिवे मारायच्या धमक्या आल्या. असलं काही त्या गटात बोललं गेलं तर ताबडतोब बाहेर पडा.

दुसरं, तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात ते लिहिलं नाहीत. एच-वन-बीवर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असेल तर सूट आहे, ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. त्यामुळे सहीचं नंतर बघा, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा.