अण्णांनी चिमणीची वीट घरी आणलीय

प्रश्न : माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, वय 76. लालबागच्या एका कापड गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायला होते. 1982 च्या गिरणी संपानंतर त्यांना परत कामावर घेतलं नाही. आता त्या गिरणीची उरलेली चिमणी पाडली. पाडकाम चालू असताना अण्णा तीन दिवस डोंबिवलीहून लोकलने तिथे जात होते. चौथ्या दिवशी पिशवीतून एक वीट घेऊन आले, ती धुतली आणि गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवली. तेव्हापासून धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. माझे यजमान चिडतात. म्हणतात, चाळीस वर्षं झाली, आता कसलं रडायचं? मी काय करू?

उत्तर : ताई, वीट हलवू नका. आधी एवढं सांगतो, मग बाकीचं.

मी 1976 साली गिरणीत बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागलो तो बॉयलरखात्यात. माझे वडीलही तिथेच फायरमन होते. त्यामुळे चिमणी मला खालून माहीत आहे. लोकांना ती धूर सोडणारं नळकांडं वाटते, पण तिचं खरं काम ओढायचं. आतली हवा तापली की हलकी होऊन वर पळते आणि भट्टीच्या जाळीखालून ताजी हवा खेचून घेते. त्या ओढीवर कोळसा फुलतो. चिमणी जेवढी उंच, तेवढी ओढ जबर. मोठ्या सुट्टीनंतर ती थंड पडलेली असायची आणि पेटवायला गेलं की धूर उलटा तोंडावर यायचा. मग आम्ही तिच्या बुडाशी तेलकट चिंध्या नि लाकडं जाळून आधी तिलाच ऊब द्यायचो. वडील हात पुढे धरून बसायचे. ओढ लागली की हाताच्या पाठीवरून वारं आत जायचं, आणि ते म्हणायचे, "घेतला बघ श्वास तिनं."

1915 पासून खोपोलीची वीज मुंबईत यायला लागली. हळूहळू यंत्रं विजेवर गेली, तरी बॉयलर सुटला नाही, कारण वाफ लागायचीच. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ चढवायची आणि वाळवायची ती वाफेवर, रंगाईधुलाई वाफेवर. तुमच्या अण्णांच्या साच्यावर सुताचा जो रूळ, म्हणजे बीम, चढायचा, त्याचं सूत खळ खाऊन आलेलं असायचं. ती खळ नीट बसली नसेल तर आडवं सूत नेणारा धोटा फिरताना सूत तटातट तुटायचं आणि साचेवाल्याचा पगार कापला जायचा. म्हणजे आमची भट्टी मंदावली की त्याचा फटका अण्णांच्या घरी बसायचा. आमच्याकडे भोंगाही याच वाफेवर वाजायचा. सात वाजताच्या पाळीचा भोंगा झाला की चाळीतल्या बायका डबे भरायचं थांबवायच्या, कारण आता धावायची वेळ.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे येतो. चाळीस वर्षं झाली हे त्यांचं बरोबर आहे. पण त्या चाळीस वर्षांत गिरणी गेली असं अण्णांना कुणी सांगितलंच नाही.

संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला. अडीच लाख माणसं बाहेर होती. तो संप आजपर्यंत रीतसर मागे घेतलेला नाही. कुणी गावाला शेतीवर गेलं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झालं. मी एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत बॉयलरवर लागलो. पण कामाचा शेवटचा दिवस असा कुणालाच मिळाला नाही. घरात माणूस गेलं की दहावा होतो, तेरावा होतो, लोक येऊन बसतात, बोलतात. आमच्या लोकांना असा दिवस आलाच नाही. आम्ही आपले म्हणत राहिलो, "गिरणी बंद आहे." बंद म्हणजे उघडू शकते. चिमणी उभी होती तोवर हा शब्द खोटा नव्हता. नव्वदीत पत्रे उतरवले, यंत्रं भंगारात गेली, भिंती पडल्या, तरी ट्रेनमधून ती दिसायची आणि मनात यायचं, आहे अजून.

आमची चिमणी पाडली तेव्हा मीही पुलावर उभा होतो. दाट वस्तीत सुरुंग लावता येत नाही, म्हणून वर परातीएवढ्या फळीवर दोन पोरं बसून छिनीहातोड्याने एकेक वीट सुटी करायची आणि चिमणीच्याच पोटात टाकायची. बाहेर उभ्या माणसाला पडताना काही दिसत नाही. आतून फक्त आवाज येतो, थोडा वेळ जातो, मग बुडाशी धूळ. रोज ती हातभर बुटकी होते. माझ्या बाजूला चार म्हातारे होते, एकाचीही ओळख नव्हती. एकाने मला विचारलं, "कुठल्या खात्यात?" त्या चार दिवसांत आम्ही एवढंच बोललो.

तुमच्या अण्णांसाठी संप त्या दिवशी संपला, ताई. चाळीस वर्षं थांबलेलं रडू आत्ता आलंय. ते येऊ दे.

जमिनीचा राग त्यात आहेच. 1991 च्या मुंबईच्या विकास नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली आणि 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. सहाशे एकरांच्या आसपास गिरण्यांची जमीन, त्यातलं गिरणगावाच्या हाताला काय लागलं ते लालबाग-परळला मान वर केली की दिसतं. माझ्या मते हा उघड अन्याय आहे. पण अण्णांशी आज ते बोलू नका.

त्यांना कामाचं विचारा. "कसं वाटतंय" असं नको, त्याला उत्तर देता येत नाही. बिल्ला नंबर किती होता? किती साचे चालवायचात? जॉबर, म्हणजे मुकादम, कोण होता, आणि तो कसा बोलायचा? धोटा हातात कसा धरायचा? दुपारी चहाबरोबर विचारा आणि मोबाइल चालू ठेवा. नातवंडं असतील तर त्यांना विचारायला लावा. त्यांचा जुना पास, फंडाची स्लिप, विम्याचं कार्ड ट्रंकेत असेल, ते बाहेर काढा. तुमच्या यजमानांनी तो पास हातात घेऊन बघावा, त्यावरचा बापाचा विशीतला फोटो बघावा. त्यांचं चिडणं मी समजू शकतो. संप झाला तेव्हा तेही लहान असतील आणि त्या वर्षांत घरात काय शिजलं, काय नाही, हे मुलांनाच जास्त आठवतं.

पंधरा दिवसांनीही जेवण सुधारलं नाही, झोप लागली नाही, तर मात्र डॉक्टरांकडे न्या. या वयात शोक आणि आजार एकमेकांत मिसळतात.

प्रश्न : मुलांना गिरणीची उभी चिमणी दाखवायची आहे. कुठे न्यावं? आणि लोक त्यासाठी रडतात हे मला पटत नाही, धूरच होता ना तो?

उत्तर : लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी झालेल्या मॉलच्या आवारात एक जपलेली आहे. धुराचं म्हणाल तर खरं आहे, आणि आतल्या कापसाच्या तुसाने तर छातीच गेली लोकांची. माझे वडील शेवटची पाच वर्षं उशाला तीन उश्या घेऊन बसूनच झोपले. त्यांनाच मी एकदा विचारलं होतं, या चिमणीचा राग येत नाही का? म्हणाले, "तिच्यावर तुमची शाळा झाली."

जाताना जुना कामगार बरोबर न्या. चिमणीच्या बुडाशी उभं राहून बॉयलर कुठे असायचा, कोळसा कुठून यायचा, हे त्याला हाताने दाखवायला सांगा. नुसतं वर बघून मुलांना काही कळणार नाही.