केळीच्या सालीचा परतीचा रस्ता

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. बांबूचा ब्रश घ्यावा का, दुधाची पिशवी बरी की बाटली, आणि कारखाने थांबणार नसतील तर एकटीने कशासाठी जीव काढावा, असे प्रश्न तू एकापाठोपाठ एक मांडले आहेस. त्यांतले बरेचसे खरेदीचे आहेत, हे तुझ्या लक्षात आले का? परिसंस्थाशास्त्र शिकलेल्या मुलीने काय घ्यावे हे नंतर विचारावे; घरात आलेली वस्तू इथून पुढे कुठे जाणार, हे आधी विचारावे.

जंगलात ऊर्जा एकाच दिशेने वाहते आणि अखेर उष्णता होऊन निघून जाते. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) ही झाडांची अन्नद्रव्ये मात्र बहुतांशी तिथल्या तिथे फिरत राहतात. हे तू परीक्षेत लिहिले असशील. आता तेच केळीच्या सालीला लावून पाहा. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या बागांत केळीला पालाश भरपूर लागते, आणि आपला देश पोटॅशसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून असल्याने ते जहाजातून येते. तिथला घड पुण्यात येतो, गर आपण खातो आणि पालाशाने भरलेली साल सकाळच्या घंटागाडीत टाकून मोकळे होतो. शहराचा असला ओला कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ढिगावर गेला, तिथल्या विहिरी नासल्या, आणि ढिगाच्या पोटात हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन निघत राहिला, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

म्हणून सांगतो, चक्र पूर्ण कर. तुझ्या खताच्या टोपलीतले पालाश रावेरला परत जाणार नाही, हे तू म्हणशीलच, आणि ते खरे आहे. पण ते तुझ्या कुंडीत, सोसायटीच्या आंब्याच्या आळ्यात किंवा मुळशीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊ शकते. जे मातीतून आले ते मातीत गेले पाहिजे, मग माती कोणाचीही असो.

‘वास येतो म्हणून बंद केले’ हे तुझे वाक्य वाचून मात्र मी चिडलो. खत कुजवणाऱ्या जीवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र साधारण ३०:१ या प्रमाणात मानवतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त. पाने कमी पडली की ढीग चिकट होतो, हवा कोंडते आणि वास सुटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष ती पाने फुकट टाकतात आणि आपली माणसे ती झाडून पेटवतात, याला काय म्हणावे?

आमच्या सोसायटीने विजेवर चालणारे यंत्र घेतले. ते कचरा दळून तापवते आणि वाळवते; विक्रेता त्याला एका दिवसात तयार झालेले खत म्हणतो. तो भुगा भिजला की पुन्हा कुजू लागतो, हे मी सभेत सांगितले आणि हेकट ठरलो. या वादापायी जिन्यासमोरचे जुने स्नेही बोलेनासे झाले, याचे मला आजही वाईट वाटते. पण म्हणून काय मी कुजणे आणि वाळणे एकच आहे असे म्हणायला हवे होते?

कारखान्यांच्या हिशेबात एक टोपली क्षुल्लक आहे, यावर मी वाद घालणार नाही. तरी ज्याने स्वतःच्या सालीचा रस्ता शेवटपर्यंत पाहिला आहे, तो महापालिकेला आणि कंपनीला ‘हे पुढे कुठे जाते’ असे विचारताना गुळमुळीत उत्तरावर परत फिरत नाही. ब्रश कोणता घ्यायचा ते तुझे तू ठरव. चक्र तेवढे पूर्ण कर.

पावसात पाने भिजतात, तेव्हा मे संपायच्या आत पोती भरून कोरड्या जागी ठेव. तुझ्या खोलीत जागा नसेल तर माझ्या जिन्याखाली आण. सोसायटीच्या सचिवांनी तिथल्या पोत्यांना हरकत घेतली आहे. ती मी बघून घेईन.