आठवड्याचा फोन आणि दोन वर्षांची सेवा

प्रश्न: माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झाल्यावर कॉलेजकडून दोन वर्षांची परवानगी घेऊन तो आमच्या मंडळीतर्फे मिशनरी सेवेसाठी एका मोठ्या शहरात गेला. आठ महिने झाले. दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी तो व्हिडिओ कॉल करतो. आधी किती सांगू नि किती नको असं त्याला व्हायचं. हल्ली एकच सूर. लोक दार उघडत नाहीत, सोबतीच्या मुलाशी पटत नाही. मागच्या आठवड्यात बायबल अभ्यासासाठी सहा खुर्च्या मांडून बसला, येतो म्हणालेल्यांपैकी एकही आला नाही. "प्रार्थनेला बसतो, पण शब्दच येत नाहीत," म्हणाला. त्याचे वडील म्हणतात, परत बोलाव, शिक्षण तरी मार्गी लागेल. मला वाटतं, अर्ध्यावर आला तर जन्मभर मनाला लावून घेईल. काय करावं? (एक आई)

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुम्ही दोघं एका फोनवरून दोन मोठे निर्णय घ्यायला निघाला आहात, म्हणून आधी त्या फोनबद्दल बोलू. लॅटर-डे सेंट्स या चर्चच्या तरुण मिशनऱ्यांना २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असायची, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. एरवी आठवड्याचं पत्र किंवा ईमेल. आता त्यांनाही दर आठवड्याला बोलता येतं. हा बदल चांगलाच आहे, पण त्याची एक बाजू आयांच्या वाट्याला येते. पत्र लिहिताना माणूस आठवडाभराचं निवडतो, पाखडतो, मग लिहितो. कॉलवर मात्र आईचा चेहरा दिसला की सहा दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. तो मोकळा होतो आणि रात्री झोपतो. जाग्या राहता तुम्ही. त्यामुळे त्या अर्ध्या तासावरून त्याच्या अख्ख्या आठवड्याचा अंदाज बांधू नका.

तो जे सांगतो ते खोटं आहे असं नाही. मोठ्या शहरातलं हे काम चिवट असतं. दिवसा घरी कुणी नसतं, संध्याकाळी असतात ते थकलेले असतात. इमारतीच्या खालच्या दारापाशी इंटरकॉमवर "नको" ऐकून परत फिरायचं. रस्त्यावर कानात इअरफोन घातलेली माणसं नजर चुकवून जातात. एखाद्याशी चार भेटी होतात, ओळख जमते आणि पाचव्या भेटीला कळतं की त्याने घर बदललं. आठवड्याच्या शेवटी अहवाल भरायचा: किती जणांशी बोललो, किती भेटी झाल्या, उपासनेला किती आले. विसाव्या वर्षी असे आकडे भरताना मुलगा नकळत स्वतःलाच गुण द्यायला लागतो. खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणजे माझीच प्रार्थना कमी पडली, असा हिशेब तो मांडतो. तुमच्या मुलाचं हेच झालंय असं मला पत्रावरून दिसतं. त्या सहा जणांना त्या संध्याकाळी काय कामं निघाली, याचा त्याच्या विश्वासाशी काय संबंध?

मी धर्मोपदेशक नाही, पण त्याच्याच पवित्र शास्त्रातले दोन प्रसंग त्याला आठवून द्या. प्रेषित पौल करिंथला गेला, तेव्हाचं ते मोठं, गजबजलेलं व्यापारी शहर. तिथे तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवायचं काम करत होता आणि दीड वर्ष टिकला. पण आपण तिथे आलो ते अशक्तपणात, भीतीने थरथरत, असं त्यानेच पुढे करिंथकरांना लिहिलं आहे. दुसरा प्रसंग एलीया संदेष्ट्याचा. तो पळून जाऊन झुडपाखाली बसला आणि आता मरण दे म्हणाला. त्याला आधी भाकर, पाणी आणि झोप मिळाली, मग पुन्हा भाकर. प्रश्न पुष्कळ नंतर विचारले गेले. समुपदेशनात आम्हीही नेमक्या याच क्रमाने जातो.

म्हणून पुढच्या फोनवर "किती जण आले?" असं विचारू नका. झोप किती होते, जेवण वेळेवर होतं का, सुट्टीचा दिवस खरंच सुट्टीचा जातो की कपडे धुण्यात आणि खरेदीत संपतो, हे विचारा. या आठवड्यात कुणाचं नाव लक्षात राहिलं, असंही विचारा. एकाही माणसाचं नाव आठवत नसेल तर गाडी नुसत्या आकड्यांमागे धावतेय, हे त्याचं त्यालाच कळेल.

सोबतीचं म्हणाल, तर चोवीस तास एकाच माणसाबरोबर काढणं लग्न झालेल्यांनाही जड जातं. पौल आणि त्याचा प्रवासातला जोडीदार बर्णबा यांचंही मार्क नावाच्या तरुण सोबत्यावरून इतकं बिनसलं की दोघे वेगवेगळ्या वाटांनी गेले, आणि पुढे त्याच मार्काला पौलाने आपल्याला उपयोगी म्हणून बोलावून घेतलं. जोड्या बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांनी, महिन्यांनी बदलतात. तोवर पटत नसेल तर त्याने वरच्या जबाबदार व्यक्तीला स्पष्ट सांगावं. ती चहाडी होत नाही.

आता परत बोलावण्याबद्दल. सोळाव्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने साधकांसाठी एक नियम घालून दिला: मन कोरडं, उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. करिअरच्या बाबतीतही मी मुलांना हेच सांगतो. निकालाच्या रात्री शाखा बदलू नका आणि साहेबाशी भांडण झालं त्या दिवशी राजीनामा लिहू नका. कॅथलिक संन्यासी संघांमध्येही आजन्म व्रत घेण्याआधी किमान वर्षभर नवशिक्षण, म्हणजे उमेदवारीचा काळ, आणि त्यानंतर किमान तीन वर्षं तात्पुरती व्रतं असतात. चर्चच घाई करत नाही, मग आपण का करायची?

पण हा नियम आजारपणाला लागू नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, जेवण सुटलं, कशातच मन लागेना, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर त्याच दिवशी तिथल्या प्रमुखांना फोन करा आणि डॉक्टरांची वेळ घ्यायला लावा. तेव्हा घरी आणणं हा उपचार असतो, त्यात माघार कसली. "केव्हाही ये, घर तुझंच आहे" हे वडिलांनी त्याला एकदा, स्वतःच्या तोंडाने सांगावं. वडिलांनीच, कारण त्याला धास्ती त्यांच्या नाराजीची असणार. आणि एकदाच सांगावं. दर आठवड्याला सांगितलं की त्याचा अर्थ "ये" असा होतो.

यजमानांची शिक्षणाची काळजी मात्र रास्त आहे, ती भक्तीच्या नावाखाली झटकून टाकू नका. दोन वर्षांत गणित गंजतं. मिशनरी सेवेला इंजिनिअरिंगचा अनुभव म्हणून कुणी मोजणार नाही. परतल्यावर तो दोन वर्षांनी लहान मुलांबरोबर बसेल आणि पहिलं सत्र अवघड जाईल, हे आत्ताच धरून चाला. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सुट्टीच्या दिवशी तासभर पहिल्या वर्षाचं गणित, एवढं ठरलं तरी पुष्कळ.

मिळकतीच्या बाजूला काय येतं? तिथली भाषा तो रोज बोलत असेल तर परत येण्याआधी तिची अधिकृत परीक्षा द्यावी. युरोपीय भाषांसाठी ए-१ ते सी-२ अशी पातळी सांगणारी प्रमाणपत्रं मिळतात, आणि "भाषा येते" या दोन शब्दांपेक्षा "बी-२" हे नोकरी देणाऱ्याला चटकन कळतं. बायोडेटात सेवेचा काळ, शहर आणि केलेलं काम साध्या शब्दांत लिहावं: अनोळखी लोकांशी संवाद, साप्ताहिक नियोजन, गटाची बैठक घेणं. किती जणांना विश्वासात आणलं, ते तिथे लिहू नये. मुलाखतीत मधल्या दोन वर्षांबद्दल विचारतीलच. नकार ऐकूनही दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलेला मुलगा समोर बसला आहे, हे चांगल्या मुलाखतकाराला सांगावं लागत नाही. पुढे त्याचं मन समाजकार्य, शिक्षण किंवा समुपदेशनाकडे वळलं तर दचकू नका, असं होतं. पाळक व्हायचं म्हणाला, तर आधी हातातली पदवी पूर्ण करायला सांगा. धर्मशास्त्राचे कितीतरी अभ्यासक्रम पदवीनंतरच सुरू होतात.

एक काम या आठवड्यातच करा. कॉलेजने दिलेली परवानगी लेखी आहे का, ते शोधा. तोंडी असेल तर आजच ईमेल करून पुनर्प्रवेशाची शेवटची तारीख, फी आणि दरम्यान अभ्यासक्रम बदलला तर कोणते विषय पुन्हा द्यावे लागतील, हे लिहून मागा. उत्तर आलं की त्याची एक प्रत यजमानांच्या हातात द्या आणि एक मुलाला पाठवा.