विचारा तर खरं : पंजी गेली की डाव फिरतो

प्रश्न : गोव्याच्या बोटीवरचा कॅसिनो पाहून आलेला माझा पुतण्या सांगतो की, अमेरिकेत एका प्राध्यापकाने पत्ते मोजून कॅसिनोवाल्यांना घाम फोडला होता. बावन्न पत्ते लक्षात ठेवायचे म्हणजे स्मरणशक्ती केवढी लागेल! हे खरं, की पोरगा फेकतोय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फेकत नाहीये. फक्त स्मरणशक्तीचं खूळ डोक्यातून काढून टाका. तुम्ही डोंबिवलीचे, म्हणजे लोकलमध्ये गुडघ्यांवर बॅग आडवी टाकून रंगलेला मेंढीकोट पाहिला असणारच. तिथला एकही गडी अख्खा कॅट पाठ करत नाही. चारपैकी किती दश्श्या पडल्या आणि हुकमाचा एक्का कुणाकडे दबा धरून बसलाय, एवढ्यावर त्याचं लक्ष असतं. कॅसिनोतल्या ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातली मोजणी याच जातीची.

खेळ सोपा आहे. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकं बरं, पण एकवीसच्या पुढे गेलात की बाद, म्हणजे ‘फुटलात’. राजा, राणी, गुलाम, दश्शी सगळे दहाचे. एक्का एकचा किंवा अकराचा. तुम्हाला पत्ता घ्यायचा की थांबायचं हे स्वातंत्र्य आहे, डीलरला, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटून खेळणाऱ्याला, नाही. सोळापर्यंत त्याने पत्ता घ्यायचाच आणि सतराला थांबायचंच. सगळी मेख इथे आहे. कारण समोरचा माणूस नियमाने बांधलेला असला की त्याचं काय होणार याचा हिशोब मांडता येतो.

हा हिशोब प्रथम नीट मांडला तो पुतण्याच्या त्या प्राध्यापकाने, म्हणजे एडवर्ड थॉर्पने नव्हे, तर अमेरिकी लष्करातल्या चार जणांनी. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझल आणि जेम्स मॅकडरमॉट. मेरीलँडमधल्या ॲबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड या तळावर ते नोकरीला होते. संगणक नाही, टेबलावरची गणकयंत्रं आणि फावला वेळ. मी विमा कंपनीत हिशोबनीस म्हणून लागलो तेव्हा आमच्या चर्चगेटच्या कचेरीत फॅसिटची यंत्रं होती. भागाकार करायचा म्हणजे हँडल गरगर फिरवायचं, घंटी वाजली की एक घर उलटं आणि मग सरकपट्टी पुढे. एक कोष्टक पुरं होईतो मनगट भरून यायचं. म्हणून सांगतो, या चौघांनी डीलरचा प्रत्येक उघडा पत्ता आणि आपली प्रत्येक बेरीज यांच्या जोड्या घेऊन जे कोष्टक उभं केलं, त्याला मी तरी थॉर्पपेक्षा काकणभर जास्तच मान देतो. १९५६ साली अमेरिकन संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. निष्कर्ष असा : त्यांच्या कोष्टकाप्रमाणे खेळलं तर कॅसिनोची सरशी फक्त ०.६२ टक्के उरते. म्हणजे शंभर डॉलर लावले तर सरासरी बासष्ट सेंट जाणार. जुगारात याहून कमी नुकसान क्वचितच.

पण हा हिशोब दर डावाला पूर्ण कॅट आहे असं धरून केलेला होता. पहिला डाव संपला की खेळलेले पत्ते बाजूला जातात, पुन्हा पिसेपर्यंत ते परत येत नाहीत. उरलेला कॅट आता वेगळाच असतो. यावर एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने बोट ठेवलं. गडी १९५८ च्या नाताळात बायकोबरोबर लास व्हेगासला गेला होता. चौघांचं कोष्टक लिहिलेलं कार्ड हातात घेऊन चांदीच्या दहा डॉलरांवर खेळला आणि त्यातले साडेआठ हरून उठला. पुढे तो एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेत गेला, तिथला आयबीएम ७०४ हा संगणक त्याला वापरायला मिळाला. त्यासाठी फोरट्रान ही भाषा तो स्वतःच शिकला. मग त्याने संगणकाला विचारलं : कॅटमधून सगळ्या दुर्र्या काढल्या तर काय होईल? तिर्र्या काढल्या तर? एकेक करत सगळे.

उत्तर आलं पंजीवर. चारही पंज्या गेल्या की पारडं फिरून खेळणाऱ्याच्या बाजूला तीन टक्क्यांहून जास्त झुकतं. का, ते बोटांवर करून पाहा. डीलरची बेरीज बारा ते सोळा यांतली कोणतीही असो, त्याला पत्ता घ्यावाच लागतो. त्यात पाच मिळवा. १७, १८, १९, २०, २१. कुठेही फुटत नाही! पंजी म्हणजे डीलरची कुलदेवताच. ती नाही म्हटल्यावर त्याच्या वाट्याला दहाचे पत्ते जास्त येतात आणि तो फुटतो. शिवाय एक्का अधिक दहा असा थेट ब्लॅकजॅक तुम्हाला लागला तर शंभराला दीडशे मिळतात, डीलरला लागला तर तुमचे शंभरच जातात. पूर्ण कॅटमधून तो लागण्याची शक्यता ४.८३ टक्के, पंज्यांशिवाय ५.६७. आता खेळाची रीत ठरते : कॅट वाईट असताना किरकोळ लावायचं, चांगला झाला की मोठा हात मारायचा.

थॉर्पने हे जानेवारी १९६१ मध्ये वॉशिंग्टनला गणितज्ञांच्या सभेत सांगितलं आणि वर्तमानपत्रांनी उचलून धरलं. नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात लेख द्यायला एका सदस्याची शिफारस लागे. ती केली एमआयटीतलेच गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी, मथळा तेवढा मवाळ करायला लावून. त्याच वर्षी दोन धनिकांनी दहा हजार डॉलर पुढे केले, नेवाडात, म्हणजे लास व्हेगासच्या राज्यात, फेरी झाली आणि त्या दहाचे सुमारे एकवीस हजार झाले. १९६२ साली त्याचं पुस्तक आलं, ‘बीट द डीलर’.

आज लोक शिकतात ती मोजणी याहून सोपी आहे. हार्वी डबनर यांनी ती १९६३ साली मांडली. दुर्री ते छक्की गेली की अधिक एक, सत्ती ते नव्वी शून्य, दहाचे पत्ते आणि एक्के गेले की उणे एक. छक्की, राजा, अठ्ठी, पंजी, दुर्री पडली तर अधिक दोन. झालं. लक्षात ठेवायचा तो हा एक आकडा. तो जितका वर, तितका उरलेला कॅट तुमच्या बाजूचा.

प्रश्न : आपल्याच डोक्याने मोजलं तर ती फसवणूक कशी? तरी म्हणे हाकलून देतात. आणि इथे मुंबईत असं कुठे खेळता येतं का?
– एक वाचक, दादर

उत्तर : शेवटचं आधी. नाही, आणि त्या फंदात पडू नका. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आजही लागू आहे. कॅसिनोला परवानगी देणारा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला खरा, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

नुसत्या डोक्याने मोजणं अमेरिकेतही गुन्हा नाही. नेवाडात १९८५ पासून गुन्हा आहे तो मोजायला यंत्र वापरणं. पण तिथला कॅसिनो तुम्हाला ‘या आता’ म्हणू शकतो. न्यू जर्सी राज्यात मात्र केन उस्टन नावाचा मोजणारा कोर्टात गेला आणि १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, केवळ मोजतो म्हणून कॅसिनोने त्याला बाहेर काढता येणार नाही.

मालक लोकांचा पहिला उपाय फार मजेशीर होता. १ एप्रिल १९६४ ला (तारीख माझी नाही, त्यांचीच) लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियम कडक केले. पत्ते पाहून लावलेले पैसे दुप्पट करायचे ते फक्त अकरा बेरजेवर, आणि जोडीच्या एक्क्यांचे दोन हात करायचे नाहीत. झालं भलतंच. मोजता न येणारे, म्हणजे नेमाने हरणारे, तेच रुसले आणि टेबलं ओस पडली. काही आठवड्यांत नियम मागे घेतले. मग जास्त कॅट एकत्र पिसणं आणि मधेच पुन्हा पिसणं आलं. आठ कॅट घ्या आणि त्यातून चार पंज्या काढा : ब्लॅकजॅकची शक्यता ४.७५ वरून जेमतेम ४.८४ होते. पुतण्याला हे आकडे दाखवा असं डोंबिवलीकरांनाही सुचवतो. आणि पिसणारं यंत्र सतत चालू असेल तिथे मोजायला काही उरतच नाही.

प्रश्न : हे एवढं साधं असेल तर थॉर्पच्या आधी पट्टीच्या जुगाऱ्यांना सुचलं नव्हतं?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : सुचलं होतं, पण स्वतःची रोजीरोटी कोण छापायला देतो? थॉर्पनेच पुस्तकात असे काही जण टोपणनावांनी सांगितलेत. एक ‘सिस्टिम स्मिटी’, तो स्वतःशीच असंख्य डाव वाटत बसे. दुसरा ‘ग्रीझी जॉन’. हा तेलकट तळलेल्या कोंबडीची पिशवी घेऊन टेबलावर बसायचा, तेच हात पत्त्यांना लावायचा आणि तोंडाने शिव्या. शेजारचे गिऱ्हाईक किळस येऊन उठून जायचे. मग तो आणि डीलर दोघेच, म्हणजे तासाला डाव जास्त आणि मोजलेला कॅट दुसऱ्या कुणी संपवायची भीती नाही.