पावती आजोबांच्या नावावर, वडीलही गेले. पालिकेच्या चाळीतली खोली आम्हाला सोडावी लागेल का?

प्रश्नातला तिढा थोडक्यात असा: मुंबई महापालिकेच्या चाळीतली खोली, भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर, वडील गेल्या वर्षी वारले. खोलीत तुम्ही, आई आणि माहेरी परत आलेली बहीण. बदलापूरला घर केलेला थोरला भाऊ म्हणतो, "वडिलांनी मृत्युपत्रात खोली माझ्या नावे केलीय, तुम्ही निघा."

निघू नका. मी वकील नाही, पण आमच्या भागातल्या चाळकऱ्यांचे हस्तांतरणाचे अर्ज भरून देतो, त्यावरून सांगतो.

मृत्युपत्राला फार घाबरू नका. खोली पालिकेची, वडील त्यात राहणारे. जे आपल्या मालकीचं नाही ते लिहून कसं देणार? खासगी चाळींबाबतही सुप्रीम कोर्टाने 1994 साली भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही असंच ठरवलं.

आता चाळीतले जाणकार तुम्हाला 1999 चा भाडे नियंत्रण कायदा ऐकवतील. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी, बाहेर राहणारा वारस नंतर, असं त्यात आहे खरं. पण सरकारच्या किंवा पालिकेच्या स्वतःच्या जागांना तो कायदा लागूच नाही. कलम 3 वाचा. तुमची खोली नावावर होणार ती पालिकेच्या हस्तांतरणाच्या नियमांनी, म्हणजे मालमत्ता खात्यात अर्ज करून. तरी तिथेही पहिला प्रश्न हाच येतो: माणूस गेला तेव्हा खोलीत कोण राहत होतं, आणि पुरावा काय?

म्हणून मला खरी काळजी तुमच्या बहिणीची वाटते. लग्नात तिचं नाव रेशनकार्डातून कमी केलं असणार, परत आल्यावर चढवायचं कुणाला सुचत नाही. मग वर्षानुवर्षं त्याच मोरीवर भांडी घासणारी बाई कागदावर सासरीच नांदत असते. रेशनकार्ड, आधारचा पत्ता, मतदार यादी, मुलं असतील तर शाळेचा दाखला, हे सगळं आता लगेच करून घ्या.

अर्ज आईच्या नावाने करा, त्याला घरातून विरोध कमी होतो. आजोबा आणि वडील, दोघांचे मृत्यू दाखले लागतील, सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. आणि आत्या! पावती आजोबांची, म्हणजे आत्याही वारस. त्यांची ना हरकत लोक हमखास विसरतात आणि फाइल तिथेच अडते. दिवाळीला येतील तेव्हा बघू, असं करू नका. भाऊ सही देत नसेल तर तसं अर्जातच लिहा. कार्यालय भावंडांचं भांडण सोडवत बसत नाही, ते शेवटी कोर्टात जातं. पण तोवर तुमचा अर्ज नोंदलेला असावा.

भाडं मात्र भरत राहा. पावती मयताच्या नावाने फाटली तरी चालेल, थकबाकी नको.

उद्या मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 105-ब ची, म्हणजे खोली खाली करायला लावणारी, नोटीस आलीच तर दार लावून बसू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या. विरोधात आदेश निघाला तर शहर दिवाणी न्यायालयात अपील आहे, त्याची मुदत थोडी असते, तेव्हा त्याच दिवशी वकील गाठा. आणि "मी करून देतो" म्हणत वॉर्ड ऑफिसबाहेर भेटणाऱ्याच्या हाती जुन्या पावत्यांचे मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.